हवेच्या आंकड्यांची ओळखचिठ्ठी

जुलै २००५ च्या अखेरीस मुंबईंत ९४४ हा आंकडा सर्वतोमुखीं झाला. तो कसला, हें ठाऊक नसलेल्या परस्थास त्यावरून कांहींच बोध झाला नसता. सांताक्रूझ येथें २७ जुलैच्या सकाळीं साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत पडलेला पाऊस, तोहि मिलिमीटरांत, एवढें सांगितलें म्हणजे त्या आंकड्याची भयानकता ध्यानांत येते. त्याच शहराच्या दक्षिण टोंकास, कुलाब्यास, त्या अवधींत सुमारें ७३ मिलिमीटरच पाऊस झाला होता.

हल्लीं हवेचा अंदाज करणारीं संगणक-यंत्रें दर खेपेस असे कोट्यवधि आंकडे बाहेर टाकतात आणि ते देशोदेशीं धाडले जातात. प्रत्येकापुढें त्याचें वर्णन लिहूं म्हटलें, तर मालापेक्षां वेष्टनाचेंच ओझें अधिक व्हावयाचें. यावर जागतिक हवामान संघटनेनें ठरविलेल्या पद्धतीचें नांव ग्रिब. सध्यां तिची दुसरी आवृत्ति प्रचारांत आहे. युक्ति जुनीच. आपल्याकडे २०१३ सालीं तारसेवा बंद झाली. तोंवर लग्नाच्या वा दिवाळीच्या शुभेच्छा धाडणारा मनुष्य सबंध वाक्याऐवजीं छापील यादींतील क्रमांक देत असे, आणि पलीकडचा तारबाबू तशाच यादींतून तें वाक्य काढून कागदावर उतरवीत असे. दोन्ही टोंकांस यादी एकच असली पाहिजे, एवढीच अट.

ग्रिबचा प्रत्येक संदेश ० पासून ८ पर्यंतच्या विभागांत वांटलेला असतो. आरंभीं जी, आर, आय, बी हीं चार अक्षरें, शास्त्राचा अंक व संदेशाची एकंदर लांबी. मग अंदाज कोणत्या केंद्राचा व कोणत्या वेळेपासूनचा. वेळ जागतिक, तिचे शून्य वाजतात तेव्हां आपल्याकडे पहाटेचे साडेपांच झालेले असतात.

खरी मौज तिसऱ्या, चौथ्या व पांचव्या विभागांत आहे. येथें प्रथम सांच्याचा क्रमांक येतो, आणि पुढचे रकाने कसे वाचावयाचे तें त्यावरून ठरतें. तिसऱ्या विभागांत सांचा शून्य असेल, तर अक्षांश-रेखांशांची सरळ जाळी समजावी. पहिला बिंदु कोठें, दोन बिंदूंत अंतर किती, एका ओळींत बिंदु किती व ओळी किती, एवढें पुरे. पाव अंशाची जाळी सबंध पृथ्वीवर पसरली, तर १४४० गुणिलें ७२१, म्हणजे १०,३८,२४० बिंदु होतात. त्यांचे पत्ते लिहावे लागत नाहींत. मात्र मोजणी उत्तरेकडून कीं दक्षिणेकडून, हें दाखविणारी खूण पाहिली नाहीं, तर नकाशा उलटा होतो आणि मुंबईचा पाऊस मॉरिशसच्या पूर्वेस भर समुद्रांत पडतो!

चौथा विभाग आंकडा कशाचा तें सांगतो. आरंभींचा शास्त्राचा अंक आणि येथील दोन अंक मिळून ०, ०, ० झाले, तर तपमान, केल्व्हिन मापांत. ०, १, ८ झाले, तर एकंदर पाऊस, दर चौरस मीटरास किलोग्राम. हें माप चमत्कारिक वाटेल. पण एक चौरस मीटरावर एक किलो पाणी पसरलें, तर त्याची जाडी मिलिमीटरभरच होते. एका क्षणाच्या तपमानास सांचा शून्य पुरतो. पाऊस सांठत जातो, म्हणून त्याला आठ क्रमांकाचा सांचा लागतो. त्यांत अवधि कोठें संपला, आणि आंकडा बेरजेचा, सरासरीचा कीं कमालीचा, हे रकाने अधिक असतात. धोका येथेंच आहे. कांहीं केंद्रें पाऊस अंदाजाच्या आरंभापासून मोजतात. चोवीस तासांअखेर ८० आणि अठ्ठेचाळीस तासांअखेर ११० असें आलें, तर दुसऱ्या दिवसाचा पाऊस ३० मिलिमीटर. कोणी ११० हाच दुसऱ्या दिवसाचा धरला, तर धरणाचे दरवाजे विनाकारण उघडले जावयाचे आणि खालच्या गांवांची झोंप उडावयाची.

पांचवा विभाग गांठोडें कसें बांधलें तें सांगतो. तपमानें २९० पासून ३०५.५ पर्यंत असतील, तर २९० एकदांच नोंदवून बाकी फरक दशांशांत धाडतात. ० ते १५५ हे आंकडे एकेका बाइटांत सहज मावतात.

कोष्टकांतील १९२ ते २५४ हे क्रमांक ज्या त्या केंद्रास स्वतःच्या सोयीसाठीं मोकळे ठेवले आहेत. ही सवलत फार वापरणें बरें नव्हे. घरची सांकेतिक भाषा चव्हाट्यावर बोलल्यासारखें तें होतें. २५५ म्हणजे ‘माहिती नाहीं’. हा क्रमांक प्रामाणिक.

संदेश संपतो तो चार सातांनीं. आरंभीं दिलेली लांबी मोजून तेथें ७७७७ सांपडले नाहींत, तर वाटेंत कांहीं गळालें असें समजून तो संदेश बाजूस टाकतात व पुन्हां मागवितात.