फायबरची जुनी बोट: वरून चकाचक, आतून कुजकी? पैसे देण्याआधी काय तपासायचं

ऐकण्यापेक्षा वाचायला आवडणाऱ्यांसाठी हे या भागाचं लिखित रूप. बोलण्याच्या ओघात आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ काढलेत, बाकी जसंच्या तसं.

[००:००] विषय काय?

बोरिवलीहून गोराई खाडी ओलांडणाऱ्या बोटीत तुम्ही कधीतरी बसला असाल. पॅगोडाला जाताना, नाहीतर बीचला. पुढच्या वेळी मोबाइल खिशात ठेवा आणि काठाकडे बघा. गोराई, मनोरी, उत्तन, वर्सोवा, कुठलंही खाडीकाठचं गाव घ्या. चालत्या होड्यांच्या बाजूला एखादी तरी अशी बोट असतेच, जिला बऱ्याच वर्षांत कुणी हात लावलेला नाही. रंग उडालेला, आत पावसाचं पाणी, इंजिन गायब.

मग आपल्यातला कुणीतरी म्हणतो, “अरे, फायबरची आहे. फायबर कुठे कुजतं? स्वस्तात घेऊ, घासू, रंगवू, झालं!”

यातलं अर्धं खरं आहे. फायबर कुजत नाही, पण बोट कुजते. हे कसं, आणि पैसे देण्याआधी ते कसं ओळखायचं, एवढंच आज बघायचंय.

[०१:१०] फायबरच्या पोटात लाकूड

आपण ज्याला ‘फायबर’ म्हणतो ते दोन गोष्टींचं मिश्रण असतं. काचेचे तंतू आणि त्यांना धरून ठेवणारं रेझिन. सिमेंट आणि सळई असते ना, तसंच. सर्वात बाहेर जेलकोटचा पातळ, चकचकीत थर. पाणी अडवणं आणि उन्हापासून वाचवणं हे त्याचं काम.

पण नुसतं फायबर लवचिक असतं. ताठपणा यावा म्हणून जुन्या बोटींमध्ये आत लाकूड किंवा प्लाय घालून त्यावर फायबर चढवलेलं असतं. मुख्यतः तीन ठिकाणी. एक, ट्रान्सम, म्हणजे बोटीची मागची उभी भिंत, जिच्यावर इंजिन लटकतं. दोन, तळाशी लांबीच्या दिशेने जाणारे स्ट्रिंगर, म्हणजे बोटीचे वासे. आणि तीन, पायाखालची फळी.

आता कुणीतरी त्या ट्रान्सममध्ये बोल्टसाठी भोक पाडतं, सीलंट नीट लावत नाही, किंवा लावलेलं दहा वर्षांत सुकून जातं. तिथून पाणी आत शिरतं. बाहेर यायला वाट नसते, कारण दोन्ही बाजूंनी फायबर आहे. लाकूड आतल्या आत भुसा होतं आणि बाहेरून बोट ठणठणीत दिसते.

आमच्या फील्डमधलं उदाहरण द्यायचं तर यूआय एकदम झकास, बॅकएंड मेलेला. रंग म्हणजे यूआय. विकणारा यूआयच दाखवणार.

[०२:३०] खलनायक समुद्र नाही, पाऊस आहे

इथे बऱ्याच जणांचा अंदाज चुकतो. वाटतं की खाऱ्या पाण्याने बोट खराब होते. खारं पाणी लोखंड आणि ॲल्युमिनियम खातं, हे बरोबर. पण लाकूड कुजवणारी बुरशी मिठात फारशी वाढत नाही. तिला आवडतं साचलेलं गोडं पाणी, म्हणजे पावसाचं.

साधं गणित करू. सांताक्रुझला पावसाळ्यात सरासरी २,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. बोटीचा वरून उघडा भाग ८ चौरस मीटर धरा. एका पावसाळ्यात त्या बोटीत १६,००० लिटर पाणी पडलं! दीड टँकर. त्यातलं काही उडून जाईल, काही वाहून जाईल, पण तळाशी राहील ते थेट लाकडात.

म्हणूनच १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात कोळीवाड्यांत होड्या वर ओढून शाकारून ठेवतात, आणि नारळी पौर्णिमेच्या सुमाराला पुन्हा पाण्यात लोटतात. ती नुसती रीत नाही, तो मेंटेनन्स आहे. सोडून दिलेल्या बोटीला हे शाकारणंच मिळालेलं नसतं. त्यामुळे पहिला प्रश्न ‘किती वर्षं जुनी?’ हा नाही. ‘किती पावसाळे उघडी पडली होती?’ हा आहे.

[०३:४०] पाच तपासण्या, जवळपास फुकट

ओहोटीला जा, बोट चिखलावर बसलेली असताना. उधाणाच्या दिवसांत मुंबईत भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो, त्यामुळे तळ बघायला भरपूर वेळ मिळतो. पण परतीची भरती किती वाजता, ते आधी बघून ठेवा.

१. ठोकून बघा. छोटी हातोडी किंवा स्क्रूड्रायव्हरची मूठ घ्या आणि दर चार बोटांवर हलकं ठोका. ‘टण’ असा कडक आवाज आला तर चांगलं. ‘थप’ असा मेलेला आवाज आला तर आत ओल आहे किंवा थर सुटलेत. तिथे खडूने गोल करा. शेवटी लांब उभं राहून गोलांचा नकाशा बघा.

२. इंजिन हलवा. इंजिन लावलेलं असेल तर त्याचा खालचा भाग धरून वर-खाली दाबा. एकाने ट्रान्समकडे बघायचं. ती भिंत वाकताना दिसली तर आतलं लाकूड गेलं.

३. भोक पाडा, पण मालकाची परवानगी घेऊन, आतल्या बाजूने, ट्रान्समच्या खालच्या भागात. ५ मिलिमीटरचा ड्रिल पुरतो. बाहेर कोरडा, फिकट भुसा आला तर उत्तम. काळा, ओला लगदा आला तर उत्तर मिळालं. नंतर ते भोक इपॉक्सीने बुजवून द्या. मालक भोक पाडूच देत नसेल, तर तेही एक उत्तरच आहे.

४. फोड बघा. तळावर वाटाण्याएवढे फुगवटे असतील तर जेलकोटमधून पाणी आत झिरपून रेझिनशी त्याची रासायनिक क्रिया झालीय. फोड फोडला की व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. आतला द्रव दाबाखाली असतो, थेट डोळ्यात उडू शकतो. गॉगल लावल्याशिवाय हात लावू नका. थोडे फोड म्हणजे काम आहे. पूर्ण तळभर फोड म्हणजे प्रोजेक्ट आहे.

५. कागद मागा. मासेमारीची बोट असेल तर मत्स्यव्यवसाय विभागाकडची नोंदणी, प्रवासी किंवा सैरीची असेल तर महाराष्ट्र सागरी मंडळाकडची. बोटीवरचा नंबर आणि कागदावरचा नंबर जुळतो का ते बघा. कागद नसलेली बोट कितीही छान दुरुस्त केली तरी पाण्यात उतरवताना अडकणार.

[०५:२०] दुरुस्ती: दुकानात काय मागायचं

समजा ट्रान्सम गेलाय, बाकी बरं आहे. मग आतली फायबरची कातडी कापायची, कुजलेलं लाकूड पूर्ण काढायचं, नवीन प्लाय घालायचा आणि त्यावर फायबर चढवायचं. प्लाय घेताना ‘मरीन प्लाय, आयएस ७१०’ असं सांगा आणि शिक्का स्वतः बघा.

रेझिनच्या दुकानात नुसतं ‘रेझिन द्या’ म्हटलं तर बहुतेकदा जीपी देतात. ते स्वस्त असतं, टाक्या आणि पत्र्यांसाठी ठीक आहे, पण पाणी जास्त शोषतं. बोटीसाठी निदान ‘आयसो’ मागा. जुन्या फायबरवर घट्ट चिकटायला हवं असेल तर इपॉक्सी सर्वात चांगलं. फक्त एक लक्षात ठेवा, पॉलिएस्टरवर इपॉक्सी चिकटतं, इपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट चिकटत नाही. एकदा इपॉक्सीत गेलात की पुढचे थरही इपॉक्सीचेच. आणि नेहमीची मॅट इपॉक्सीसोबत नीट भिजत नाही, तिथे विणलेलं किंवा शिवलेलं कापड घ्या.

भोकाच्या किंवा भेगेच्या कडा तिरक्या घासायच्या. प्रमाण १ ला १२. म्हणजे कातडी ६ मिलिमीटर जाड असेल तर चहूबाजूंनी ७२ मिलिमीटर उतार. ठिगळ नुसतं वर चिकटवलं तर लाटांच्या दणक्यांनी सुटतं. ताकद त्या उतारातून येते.

मालाचा हिशोब सोपा आहे. ४५० ग्रॅमच्या मॅटचा एक थर साधारण १ मिलिमीटर जाडी देतो आणि चौरस मीटरला जवळपास १ किलो रेझिन पितो. २ चौरस मीटरवर ६ थर म्हणजे साडेपाच किलो मॅट आणि १२–१३ किलो रेझिन. हे गणित घरी बसून करा आणि मग बोटीचा भाव करा.

हवामान? नोव्हेंबर ते फेब्रुवारी. दमट हवेत ओल थरांमध्ये अडकते. एप्रिल-मेच्या उन्हात रेझिन डब्यातच घट्ट होतं. सावलीत काम करा आणि एका वेळी अर्धा किलोच कालवा.

[०७:१०] हे वगळून पुढे जाऊ नका

पॉलिएस्टर रेझिनसोबत दोन बाटल्या मिळतात. एक कोबाल्ट, म्हणजे ॲक्सलरेटर. दुसरी एमईकेपी, दुकानात तिला हार्डनर किंवा कॅटॅलिस्ट म्हणतात. या दोन बाटल्या एकमेकींत थेट कधीही मिसळायच्या नाहीत. स्फोट होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, त्यानंतरच हार्डनर, १ ते २ टक्के. साठवतानाही दोघी लांब लांब. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून गॉगल आणि शेजारी पाण्याची बादली हवीच.

घासताना उडणारी काचेची धूळ एन-९५ अडवतो, रेझिनची वाफ अडवत नाही. वाफेसाठी कार्ट्रिजवाला मास्क लागतो. आणि उरलेलं रेझिन डब्यात ठेवून जाऊ नका. ते आपोआप तापून धूर सोडतं. पसरट ट्रेमध्ये ओता.

इंजिनचा वेगळा भाग करू, पण एक गोष्ट आत्ताच. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या बोटींतले रबरी पाइप आणि बोटीतच घडवलेल्या फायबरच्या टाक्या त्याने मऊ पडतात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी साचते आणि ठिणगीची वाट बघते. पाइप आणि टाकी बदलल्याशिवाय किल्ली फिरवू नका.

[०८:२०] ‘नाही’ कधी म्हणायचं?

माझा नियम असा. ट्रान्सम, स्ट्रिंगर, फळी या तिघांपैकी एक गेलं असेल तर घ्या. दोन गेली असतील तर वरचा हिशोब करून मग ठरवा. तिन्ही गेली असतील तर तुम्ही बोट घेत नाही, साचा घेताय.

आणि हा निर्णय फक्त तुमच्या खिशाचा नाही. लाकडी होडी टाकून दिली तर काही वर्षांत चिखलाची होऊन जाते. फायबर होत नाही. घट्ट झालेलं रेझिन वितळत नाही, त्यामुळे ते प्लास्टिकच्या बाटलीसारखं रिसायकलही होत नाही. अर्धवट सोडलेली बोट शेवटी कांदळवनात जाते आणि तिथेच तुकडे तुकडे होत राहते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली कांदळवनांत कचरा, राडारोडा टाकण्यावर स्पष्ट बंदी घातलीय. फ्रान्सने २०१९ पासून जुन्या सैरीच्या बोटी मोडीत काढायची देशभर व्यवस्था उभी केली, तिचा खर्च नवीन बोट विकणाऱ्यांकडून घेतला जातो. आपल्याकडे तुमची बोट परत घ्यायला अजून तसं कुणी येत नाही.

म्हणजे फायबरची बोट जो शेवटचा विकत घेतो, तिचा शेवटही त्याच्याच गळ्यात. म्हणून पैसे देण्याआधी हातोडी, खडू आणि ड्रिल घेऊन जा. तासाभराचं काम आहे. गोल कमी निघाले तर बिनधास्त घ्या, एका हिवाळ्यात बोट उभी राहील. आणि पुढच्या जूनच्या आधी ती शाकारायला विसरू नका.

पुढच्या भागात आउटबोर्ड इंजिन. तोपर्यंत, ऐकत राहा!