रॉसी म्हणजे आपले तांबडेच

भाच्याच्या बाइकच्या टाकीवर पिवळ्याजर्द रंगात ‘४६’ चिकटवलेलं आहे आणि त्याखाली ‘रॉसी’. परवा नागपूरच्या व्हरायटी चौकात सिग्नलला थांबलो होतो. मी मागच्या सीटवर. विचारलं, ‘‘हा रॉसी म्हणजे काय रे?’’

‘‘व्हॅलेंटिनो रॉसी, मामा. मोटोजीपीवाला. माहीत नाही का तुम्हाला?’’

‘‘तो माहीत आहे. रॉसी म्हणजे काय?’’

‘‘काय असन? आडनाव आहे नं ते.’’

सिग्नल सुटला आणि विषयही सुटला. पण त्याचं काही चुकलं नव्हतं. आपण सगळेच असे वागतो. शेजारच्या काळ्यांना हाक मारताना त्यांच्या रंगाकडे कोण पाहतं?

रॉसीचा अर्थ मात्र अगदी सरळ आहे. इटालियन भाषेत ‘रॉस्सो’ म्हणजे लाल आणि त्याचं अनेकवचन ‘रॉस्सी’. कधीकाळी गावात कुणी लाल केसांचा, लालसर दाढीचा किंवा रापलेल्या तोंडाचा माणूस होता. लोक त्याला ‘तो लाल्या’ म्हणायचे. त्याची पोरंबाळं झाली ‘लाल्याची माणसं’. म्हणजे मराठीत तंतोतंत तांबडे. असे लाल्या गावोगाव निघाले असणार, म्हणून तर रॉसी हे इटलीतलं सर्वाधिक आढळणारं आडनाव ठरलं. आपल्याकडे फॉर्मच्या नमुन्यात ‘अमुक तमुक’ असतो, तसा तिथे ‘मारिओ रॉसी’ असतो. १९८२च्या विश्वचषकात सहा गोल करणारा पाओलो रॉसी आणि मोटारसायकलवाला व्हॅलेंटिनो यांचं नातं एवढंच, की दोघांच्या कुठल्याशा खापरपणजोबांवर गावाने एकच शेरा मारला होता.

मला यात खरी गंमत वाटते ती शेवटच्या ‘ई’ची. ती अनेकवचनाची आहे. काही अभ्यासक म्हणतात, लॅटिन दस्तऐवजात ‘अमक्याचा मुलगा’ लिहिताना लागणाऱ्या षष्ठीतून ती आली. पण ऐकणाऱ्याला ऐकू येतं ते अनेकवचनच. आणि आपल्याकडचा ‘ए’? काळा–काळे, गोरा–गोरे, टकला–टकले. घोडा–घोडे होतं तसंच. आदरार्थी म्हणा की घराण्याचं म्हणा, अनेकवचन आहेच. त्यांचे बियांकी म्हणजे आपले गोरे, त्यांचे नेरी म्हणजे आपले काळे आणि त्यांचे काल्वी म्हणजे सरळसरळ टकले. बाईचं आडनावही दोन्हीकडे बदलत नाही. तिकडे ‘सिन्योरा रॉसी’, इकडे ‘काळेबाई’. ‘काळीबाई’ म्हणून पाहा एकदा कुणाला!

नागपूरकरांना यातलं सर्वांत जवळचं उदाहरण म्हणजे बोबडे. २०१९ ते २०२१ या काळात देशाचे सरन्यायाधीश असलेले शरद बोबडे नागपूरचे. त्यांचे वडील अरविंद बोबडे राज्याचे महाधिवक्ता होते. ज्या घराण्याने बोलण्यावरच नाव काढलं, त्याचं आडनाव बोबडे! कुठला बोबडा पूर्वज या आडनावामागे उभा आहे हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. पण इटलीत याच अर्थाचं जुनं आडनाव आहे, बाल्बी. लॅटिनमध्ये ‘बाल्बुस’ म्हणजे अडखळत बोलणारा. शब्द उच्चारून पाहा: बाल्बुस, बोबडा. दोन्हीत ओठ ‘ब’वरच अडतात. हे शब्द व्युत्पत्तीने एक नसतीलही, पण दोन्ही भाषांनी नक्कल एकाच आवाजाची केली आहे.

धंद्याची आडनावं तर जगभर सापडतात. फेरारी म्हणजे लोहार. ‘फेर्रो’ म्हणजे लोखंड. एन्झो फेरारीची मोटार कोट्यवधींची असेल, नावात भाताच आहे. आपल्याकडे भात्याच्या जोडीला बोरूही आला, कारण इथल्या दरबारांचा कारभार दीर्घकाळ फारसी शब्दांत चालला. ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा. ‘फर्द’ म्हणजे यादी, हिशेबाचा कागद. त्यातून फर्दनवीस, पुढे फडणवीस. नाना फडणवीसांचं मूळ आडनाव भानू; हुद्दा मोठा झाला आणि भानू मागे पडलं. पुण्याकडच्या जिभेने ‘वी’ गिळून फडणीस, चिटणीस, पारसनीस केले. नागपूरने चिटणवीस पूर्ण ठेवले. महालातला चिटणवीसपुरा घ्या, नाहीतर सिव्हिल लाइन्समधलं चिटणवीस सेंटर, ‘वी’ जागच्या जागी आहे. नागपूरकर भोसल्यांचं राज्य १८५४मध्ये इंग्रजांनी खालसा केलं, दरबार मोडला, पण त्याची हुद्देवारी शहरात घरांच्या पाट्यांवर अजून वाचता येते.

इटलीत आडनावाचं शेपूट ऐकून माणूस कुठला ते ओळखतात. उत्तरेत आणि मध्य भागात रॉसी, तर तेच लाल दक्षिणेत रुस्सो होतं, एकवचनी. ‘ऊ’ किंवा ‘अस’वर संपलं तर सार्डिनिया बेटाचा, ‘आन’वर संपलं तर व्हेनिसकडचा, असा अंदाज बांधतात. आपल्याकडेही तेच. ‘कर’ आलं की गाव शोधायचं. ‘वार’ आलं की विदर्भातला माणूस लगेच चंद्रपूर, गडचिरोली किंवा यवतमाळ म्हणतो. मुनगंटीवार, वडेट्टीवार, मुत्तेमवार. पुण्यामुंबईकडच्यांना हा सोमवार-मंगळवारातला वार वाटतो. तो आहे तेलुगूतला ‘वारु’, म्हणजे ‘ती मंडळी’. तेलुगूत आडनावाला ‘इंटिपेरु’ म्हणतात, घराचं नाव, आणि ते माणसाच्या नावाच्या आधी लागतं. प्राणहिता-गोदावरीच्या अलीकडे आल्यावर ते मराठी रीतीने शेवटी गेलं आणि शेपटीला ‘वार’ राहिला. म्हणजे पुन्हा अनेकवचनच! ‘मुत्तेमवारांकडे’ म्हटलं की तेलुगू आणि मराठी असा दुहेरी मान दिला जातो.

‘कर’ नसलं तरी आडनावात गाव असू शकतं. वानखेडे हे आडनाव ‘वानखेड’ या गावनावाला ‘ए’ लावून झालेलं दिसतं. नागपूर जिल्ह्यातले राजकारणी शेषराव वानखेडे विधानसभेचे अध्यक्ष झाले, मुंबईच्या क्रिकेट संघटनेचेही झाले आणि १९७०च्या दशकात आपलं वऱ्हाडी वळणाचं आडनाव चर्चगेटजवळच्या स्टेडियमला देऊन बसले. तिथे षटकार मारणाऱ्यांना त्यातलं खेडं थोडंच दिसतं!

सगळीच आडनावं अशी हसतखेळत आलेली नाहीत. मिलानच्या मोठ्या इस्पितळाच्या बोधचिन्हात कबूतर होतं, म्हणून तिथे सोडून दिलेल्या बाळांना ‘कोलोम्बो’, कबूतर, हे आडनाव मिळे. नेपल्सकडे अशा मुलांना ‘एस्पोझितो’ म्हणत, म्हणजे उघड्यावर टाकलेला. नावावरून जन्मभर कलंक लागू नये म्हणून एकोणिसाव्या शतकात ही चाल बंद करण्यात आली. आज एस्पोझितो हे तिथल्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या आडनावांपैकी आहे आणि ते सांगताना कुणी मान खाली घालत नाही. इकडे मात्र नव्या ओळखीत पहिल्या पाच मिनिटांत ‘पूर्ण नाव काय तुमचं?’ येतं, तेव्हा विचारणाऱ्याला अर्थ नको असतो, जात हवी असते. त्यातही आडनाव फसवतं. मेश्राम हे गोंडांचं कुळ; आदिलाबादेकडे केसलापूरची नागोबाची जत्रा त्याच कुळाची. आणि नागपुरात हेच आडनाव असंख्य बौद्ध घरांचंही आहे. विचारणाऱ्याने बसावं डोकं खाजवत.

इटलीत १५६३नंतर, ट्रेंटच्या धर्मपरिषदेने चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या नोंदी सक्तीच्या केल्यावर, आडनावं हळूहळू पक्की झाली. आपल्याकडे सातबारा आणि शाळेचा दाखला यांनी बरंचसं तेच काम केलं. गावाने ठेवलेलं नाव मास्तरने एकदा वहीत लिहिलं की पुढच्या पिढ्यांना सुटका नाही.

एक बदल मात्र आपल्या डोळ्यांदेखत चालला आहे. माझी आई ‘काळ्यांकडे हळदीकुंकू आहे’ म्हणायची. ‘बोबड्यांचा मुलगा’, ‘गोखल्यांची सून’ म्हणायची. तिच्या तोंडी आडनावातलं विशेषण अजून जिवंत होतं, विभक्ती लागली की वळायचं. आता वर्तमानपत्रं ‘ठाकरेंचा’, ‘शिंदेंचा’ छापतात आणि माझ्याही तोंडी ‘काळेंकडे’ येतं. म्हणजे शब्द वळायचा थांबला, नुसतं नाव उरलं. त्या दिवशी घराशी उतरल्यावर भाच्याने बाइक स्टँडला लावली आणि म्हणाला, ‘‘मामा, मी जरा तांबडेंकडे जाऊन येतो.’’

मी म्हटलं, ‘‘तांबड्यांकडे.’’

‘‘हो, तेच ते,’’ म्हणाला आणि गेला.