कॉलेजें खेळाडूंच्या दारीं

अमेरिकेंतील 'फुटबॉल' म्हणजे आपल्या ओळखीचा पायानें खेळावयाचा खेळ नव्हे. लंबगोल चेंडू हातीं धरून प्रतिपक्षाच्या हद्दींत घुसावयाचें, असा तो दांडगा खेळ. मिशिगन विद्यापीठाच्या क्रीडांगणावर तो पाहावयास लाखाहून अधिक लोक बसतात. म्हणूनच चांगला खेळाडू शाळेंत असतांनाच निरनिराळ्या कॉलेजांचे प्रशिक्षक त्याच्या घरीं मनधरणीस येतात. आपल्याकडे विद्यार्थी कॉलेजाच्या दारीं उभा राहतो. तेथें उलटा प्रकार!

पैशाचें आमिष मात्र निषिद्ध होतें. १९५६ मध्यें फी, पुस्तकें, जेवण, निवास आणि परटाच्या खर्चापुरती किरकोळ रक्कम देण्याची मुभा मिळाली. पण पळवाटा निघाल्याच. डॅलस येथील सदर्न मेथॉडिस्ट विद्यापीठांत खेळाडूंस गुपचूप पैसे दिले जात. कॉलेजांच्या राष्ट्रीय क्रीडासंघटनेनें त्याचा १९८७ चा संपूर्ण हंगाम रद्द केला. हा प्रकार चालू ठेवण्यास आपली संमति होती, अशी कबुली टेक्ससचे तत्कालीन गव्हर्नर बिल क्लेमंट्स यांनीं दिली. ते पूर्वीं विद्यापीठाच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष होते!

१ जुलै २०२१ पासून खेळाडूंस स्वतःच्या नांवावर जाहिरातींतून पैसा मिळवितां येऊं लागला, आणि २०२५ पासून कॉलेजेंहि उत्पन्नांतील वांटा त्यांस देऊं शकतात. घाम त्यांचा, तेव्हां हें मला न्याय्यच वाटतें. परंतु पुढें धंदेवाईक संघांत शंभरांतील दोघांसहि जागा मिळत नाहीं. घरीं आलेल्या पाहुण्यास मुलाच्या आईनें रकमेबरोबर हेंहि विचारावें, कीं तुमच्या येथें गणित कोण शिकवितो?