नोंदणीआधीचे तास

मुलीला नर्सिंगला घालायचं ठरलं की घरात पहिला प्रश्न फीचा निघतो, दुसरा हॉस्टेलचा. हल्ली मुलगेही या शाखेकडे वळू लागलेत, त्यांच्याही घरी हेच दोन प्रश्न. ही पोर प्रत्यक्षात कुणाच्या उशाशी उभी राहून शिकणार, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. बेळगाव, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात कॉलेजांना तोटा नाही. त्यांच्या माहितीपत्रकांवर इमारत, बस आणि संगणक कक्षाचे फोटो असतात. ज्या वॉर्डांत शिक्षणाचा मोठा भाग पार पडतो त्यांच्याबद्दल एखादीच ओळ असते.

नोंदणी म्हणजे काय

पदवी किंवा पदविका हातात पडली एवढ्याने कोणी नर्स होत नाही. राज्याच्या परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत नाव चढावं लागतं. आपल्या भागासाठी ही परिषद बंगळूरला आहे. तोवर ती विद्यार्थिनीच. तिने दिलेल्या प्रत्येक इंजेक्शनची जबाबदारी तिच्यासोबतच्या नोंदणीकृत नर्सवर असते.

वाटा मुख्यतः तीन. एएनएम दोन वर्षांचं. जीएनएम तीन वर्षांचं, त्यातले शेवटचे सहा महिने इंटर्नशिपचे. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं, आठ सत्रांचं. पहिल्या वाटेने सहायक परिचारिका-प्रसाविका म्हणून नोंद होते, पुढच्या दोन वाटांनी 'रजिस्टर्ड नर्स, रजिस्टर्ड मिडवाइफ' म्हणून. अभ्यासक्रमाची चौकट भारतीय परिचर्या परिषदेने घालून दिलेली आहे. ही परिषद १९४७ च्या कायद्याने आली. तिच्या जागी राष्ट्रीय आयोग आणण्याचा कायदा संसदेने २०२३ मध्ये मंजूर केला आहे.

प्रशिक्षित नर्स या मुलखाला नवीन नाही. डॉ. विल्यम वानलेस यांच्या मिरजेच्या मिशन दवाखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच नर्सिंगचं शिक्षण सुरू झालं होतं, आणि अथणी-रायबागकडचे पेशंट पिढ्यान्‌पिढ्या मिरजेला जात आलेत. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात असल्याने नोंदणीचा कागदही मुंबईचाच असे. त्यानंतर बेळगावचे दवाखाने जागेवर राहिले, नोंदवही बदलली.

तासांचा हिशेब

बीएस्सीच्या २०२१ च्या नियमांनी वॉर्डातल्या कामाला क्रेडिटमध्ये बसवलं. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला एक तास. वॉर्डातलं एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला चार तास, म्हणजे २० आठवड्यांच्या सत्रात ८० तास. पहिल्याच सत्रात 'नर्सिंग फाउंडेशन' या विषयासाठी १६० तास वॉर्डात काढायचे असतात, दुसऱ्या सत्रात ३२०. स्किल लॅबमधले, म्हणजे पुतळ्यावर हात बसवण्याचे तास वेगळे.

हजेरीचा नियम दुहेरी आहे आणि बऱ्याच पालकांना तो ठाऊक नसतो. परीक्षेला बसायला थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हींत ८० टक्के हजेरी पुरते. पदवी मिळण्याआधी मात्र प्रत्येक प्रॅक्टिकल विभागात ती १०० टक्के भरलेली असावी लागते. आजारपणात किंवा घरच्या लग्नात बुडालेल्या ड्यूट्या सुट्टीत भरून काढाव्या लागतात. बुडालेलं लेक्चर मैत्रिणीच्या वहीवरून उतरवून घेता येतं. लेबर रूममधली रात्र उतरवून घेण्याची सोय नाही, असा या नियमाचा अर्थ.

खाटा मोजा, पण भरलेल्या

नियम सांगतो की कॉलेजच्या स्वतःच्या रुग्णालयात निदान १०० खाटा असाव्यात, त्यातल्या ७५ टक्के भरलेल्या असाव्यात, दर विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण असावेत आणि दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षिका. बेळगावात या बाबतीत सुबत्ता आहे. नेहरूनगरचं केएलई संस्थेचं डॉ. प्रभाकर कोरे रुग्णालय हजाराहून अधिक खाटांचं, आणि बिम्स या वैद्यकीय कॉलेजशी जोडलेलं जिल्हा रुग्णालय सरकारी असल्याने कायम गजबजलेलं.

अडचण मोजणीत आहे. एकाच मोठ्या दवाखान्यात अनेक कॉलेजांचे विद्यार्थी पोस्टिंगला येत असतील तर प्रत्येक कॉलेजच्या कागदावर खाटांचा आकडा तोच असतो आणि पेशंटही तेच असतात. एका खाटेभोवती पंधरा पांढरे कोट उभे राहिले की पुढच्या दोघांना ड्रेसिंग दिसतं आणि बाकीच्यांना पुढच्यांची पाठ. म्हणून प्रवेश घेण्याआधी कॉलेजच्या ऑफिसपेक्षा तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलींना विचारावं. पोस्टिंगला मॅडम सोबत येतात की हजेरी घेऊन निघून जातात? लॉगबुकावरची सही काम पाहून होते की महिनाअखेरीस एकगठ्ठा? कॅथेटर घालणं, नाकातून पोटात रायल्स ट्यूब टाकणं स्वतःच्या हाताने किती वेळा झालं? या उत्तरांतून कॉलेज जेवढं कळतं तेवढं माहितीपत्रकातून कळत नाही.

पहिलं वर्ष: साध्या दिसणाऱ्या गोष्टी

सुरुवात अंथरुणापासून होते. पेशंट खाटेवर असताना चादर बदलणं, स्पंजिंग, तोंडाची स्वच्छता, कूस बदलून देणं, नळीतून भरवणं. याला कामवालीचं काम म्हणून नाक मुरडणारे नातेवाईक भेटतात, क्वचित विद्यार्थीही. पाठीवरचा लालसर डाग स्पंजिंग करतानाच दिसतो. तो वेळीच टिपला नाही तर पुढच्या काही दिवसांत तिथे जखम होते आणि मग महिनाभर ड्रेसिंग करत बसावं लागतं.

मग व्हायटल्स. ताप आणि बीपी यंत्र सांगतं. नाडी बोटांनी मोजायची. श्वास मोजायचा तर पेशंटला न सांगता, नाडीवर बोट तसंच ठेवून, पूर्ण मिनिटभर छातीकडे बघत, कारण मोजतायत हे कळलं की माणसाचा श्वास बदलतो. ही एवढी मिनिटं वाचवण्यासाठी सगळ्या चार्टवर श्वासाच्या रकान्यात सरसकट २० लिहायची खोड जगभरच्या वॉर्डांत आहे. पेशंट बिघडू लागल्याचं पहिलं लक्षण बरेचदा श्वासाच्या वाढलेल्या वेगातच असतं. चांगली इन्चार्ज सिस्टर नव्या मुलीचा चार्ट हातात घेते तेव्हा आधी हाच रकाना बघते.

औषधं नंतर येतात. योग्य पेशंट, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ ही पंचसूत्री पाठ करून घेतात. शिवाय आता सहाव्या कलमावर, म्हणजे दिल्यावर नोंद करण्यावर, तेवढाच भर असतो. ड्यूटी संपताना 'ओव्हर' देणं हेही शिकावंच लागतं: कुठली सलाईन चालू आहे, लघवी किती झाली, कोणता रिपोर्ट यायचाय. पाच मिनिटांत, काहीही न गाळता. हे पुस्तकातून येत नाही. चांगला ओव्हर देणाऱ्या सिस्टरच्या मागे उभं राहून येतं.

रक्त मोजायला शिकणं

बेळगावच्या नर्सिंगबद्दल एकच गोष्ट सांगायची झाली तर मी ही सांगेन. शहरातल्याही अनेकांना ती माहीत नाही.

बाळंतपणानंतर ५०० मिलिलिटर किंवा त्याहून जास्त रक्त गेलं तर तो अतिरक्तस्राव धरतात. पण किती गेलं हे ठरवायचं कसं? पूर्वापार पद्धत नजरेची: कापड किती भिजलं, जमिनीवर किती सांडलं. इथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजातल्या डॉक्टरांनी अमेरिकी सहकाऱ्यांसोबत एक साधी वस्तू वापरात आणली. बाळंतिणीखाली पसरायचा प्लास्टिकचा कपडा, आणि त्याच्या खालच्या टोकाला आकडे छापलेला नरसाळ्यासारखा खिसा. रक्त खिशात उतरतं, आकडा वाचायचा. दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या तेव्हा नजरेचा अंदाज या पिशवीपेक्षा सुमारे ३३ टक्क्यांनी कमी निघाला. म्हणजे बाई धोक्याच्या रेषेपलीकडे गेलेली असतानाही खोलीतली सगळी माणसं निर्धास्त असू शकतात.

याच पिशवीच्या आधारावर सप्टेंबर २००२ ते डिसेंबर २००५ या काळात बेळगाव जिल्ह्याच्या ग्रामीण भागात एक मोठी चाचणी झाली. १६२० बाळंतिणींपैकी ८१२ जणींना प्रसूतीनंतर रक्तस्राव रोखणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या तोंडावाटे दिल्या, ८०८ जणींना तशाच दिसणाऱ्या, पण औषध नसलेल्या गोळ्या. बाळंतपणं घरी किंवा उपकेंद्रांत झाली. ती केली, गोळ्या दिल्या आणि रक्त मोजलं ते २५ एएनएम सिस्टरांनी. अतिरक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं आणि गंभीर रक्तस्रावाचं १.२ वरून ०.२ टक्क्यांवर. २००६ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष आले. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या उपयोगासाठी मिसोप्रोस्टॉल अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं.

गोष्ट औषधाची म्हणून सांगितली जाते. मला ती प्रशिक्षणाची वाटते. सर्वांत छोटा कोर्स केलेल्या बाईने खेड्यातल्या अंधाऱ्या खोलीत, बाळ, वार आणि घाबरलेली सासू सांभाळून, मिलिलिटरमध्ये आकडा वाचला आणि लिहिला. तो आकडा जगाने मानला. पुढे अशाच आकडे छापलेल्या पिशव्या केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांच्या एका अभ्यासात वापरल्या गेल्या. रक्त मोजायचं आणि रेषा ओलांडताच ठरलेले सगळे उपचार एकत्र सुरू करायचे, अशी ती पद्धत होती. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात गंभीर गुंतागुंती ६० टक्क्यांनी कमी झाल्या.

'नर्स म्हणजे सेवाभाव' हे वाक्य लॅम्प लायटिंगच्या, म्हणजे विद्यार्थिनींनी दिवा लावून शपथ घेण्याच्या, कार्यक्रमात प्रत्येक पाहुणा म्हणतो. सेवाभाव असावाच. पण वर नजरेने मोजणाऱ्या ज्या माणसांचा अंदाज एक तृतीयांशाने कमी पडत होता, ती काही निष्काळजी नव्हती; त्यांच्याकडे मोजायचं साधन नव्हतं.

दोन भाषांचा वॉर्ड

पुस्तकं आणि परीक्षा इंग्रजीत, सरकारी कागद कन्नडमध्ये, आणि पेशंट दोन्ही-तिन्ही भाषांतले. बेळगावच्या वॉर्डात गोकाकहून आलेली कन्नड आजी आणि चंदगडहून आलेले मराठी आजोबा शेजारच्या खाटांवर असतात, कारण चंदगडकरांना कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ. खानापूरकडचे काही कोकणीही बोलतात. त्यात केरळहून आलेली विद्यार्थिनी असली तर तिची चौथी भाषा.

दोन्ही भाषा ऐकत वाढलेल्या निपाणीच्या मुलीला इथे जन्मजात फायदा असतो, फक्त तिला तो कळावा लागतो. 'अंगावरून जातंय', 'हातापायाला मुंग्या येतात', 'छातीत कसंतरीच होतंय' या तक्रारी केस शीटवर नेमक्या शब्दांत उतरवणं हे कौशल्यच आहे. 'कसंतरीच' याची नोंद 'विशेष तक्रार नाही' अशी झाली तर हार्ट अटॅक निसटू शकतो. कुठं दुखतंय, जेवलात का, लघवी झाली का, ॲलर्जी आहे का, एवढे प्रश्न दोन्ही भाषांत विचारता आणि उत्तरं समजून घेता आली पाहिजेत. सीमाप्रश्नावर बाहेर कितीही घोषणा होवोत, रात्रपाळीच्या वॉर्डात अर्धं कन्नड आणि अर्धं मराठी बोलूनच काम भागतं.

दवाखान्याबाहेर

कम्युनिटी पोस्टिंगला काही जण सहल समजतात. किणये, वंटमुरी, हंदिगनूर इथली प्राथमिक आरोग्य केंद्रं बेळगावच्या वैद्यकीय शिक्षणाशी बऱ्याच काळापासून जोडलेली आहेत. घरोघरी जाऊन कुटुंबाची माहिती घेणं, गरोदर बायांची नोंद, लसीकरण, साखर आणि बीपीचे पेशंट शोधणं हे तिथलं काम. निपाणी भागात याला तंबाखूची जोड. बिड्या वळणाऱ्या बायका तासन्‌तास एका बैठकीत, तंबाखूच्या धुळीत बसतात. अशा बाईचा खोकला धुळीचा की क्षयाचा, हे थुंकी तपासल्याशिवाय ठरत नाही, आणि रोजचा बुडवून ती दवाखान्यात यायला तयार नसते. तिला तयार करणं हाही अभ्यासक्रमाचाच भाग. मानसिक आरोग्याच्या पोस्टिंगसाठी या भागातले विद्यार्थी बहुधा धारवाडच्या डिमहान्स या मानसोपचार संस्थेत जातात.

शेवटचं सत्र

आठवं सत्र जवळजवळ पूर्ण वॉर्डाचं. २२ आठवडे, आठवड्याला ४८ तास: प्रौढ रुग्णांसाठी सहा आठवडे, आणि समाज आरोग्य, बालरोग, मानसिक आरोग्य, प्रसूती यांना प्रत्येकी चार. नाईट ड्यूटीही असते. इथेच एक जुनं दुखणं डोकं वर काढतं. दवाखान्यात माणसं कमी असली की विद्यार्थिनी म्हणजे फुकटचे हात ठरतात. दिवसभर रिपोर्ट आणायला आणि स्ट्रेचर ढकलायला लावलं तर तास भरतात, हात मात्र बसत नाही.

प्रात्यक्षिक परीक्षेत आता 'ऑस्की' आली आहे. ठरलेल्या टेबलांवर ठरलेल्या मिनिटांत एकेक काम करून दाखवायचं, आणि परीक्षक तपासयादीवर खुणा करतो. ब्रिटनमध्ये नोंदणीसाठीही याच नावाची परीक्षा द्यावी लागते, त्यामुळे परदेशाचं स्वप्न बघणाऱ्यांनी तिची सवय इथेच लावून घ्यावी.

सीमेपलीकडे नोकरी

निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव त्याच्या जवळपास दुप्पट. साहजिकच इथल्या बऱ्याच जणींना नोकरी कागल-कोल्हापूरकडे सोयीची पडते. पण कर्नाटकातली नोंदणी कोगनोळीच्या टोलनाक्यापलीकडे आपोआप चालत नाही. महाराष्ट्रात काम करायचं तर मुंबईच्या महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नाव नोंदवून घ्यावं लागतं, त्यासाठी मूळ परिषदेकडून पडताळणी लागते, आणि या पत्रव्यवहाराला वेळ जातो. नोकरीचं पत्र हातात आल्यावर धावपळ करण्यापेक्षा निकाल लागताच मूळ नोंदणी, गुणपत्रकं आणि विषयवार तासांचा दाखला कॉलेजातून घेऊन ठेवावा. परदेशी परिषदांनाही हा तासांचा दाखला लागतो, आणि कॉलेज सोडून काही वर्षं झाल्यावर तो मिळवायला पुष्कळ खेटे घालावे लागतात.