दीड पन्हळ

मुंबईत असल्फ्याच्या टेकडीवरची घरं स्वयंसेवकांनी २०१७ मध्ये रंगवली, तेव्हा मेट्रोतून जाताना सगळेच वळून बघायचे. रंगानं वस्तीचा मान वाढतो हे मला मान्य आहे. पण छत गळत असेल तर रंगलेल्या भिंतीचं करायचं काय? म्हणून शीवच्या एका वस्तीत मंडळाची पोरं मे महिन्यात शेजाऱ्यांची छपरं दुरुस्त करून देतात असं कळलं, तेव्हा मुद्दाम बघायला गेले.

घर एका आजींचं. एकच खोली, पत्रा गंजून चाळणी झालेला. सामान बाहेर काढणं, ताडपत्री उतरवणं, जुने पत्रे खोलणं हे पोरांनी सकाळीच उरकलं होतं. मग शिडीवर मामा चढले. जन्मभर फॅब्रिकेशनचं काम केलेला माणूस. शेजारच्याच गल्लीत राहतात, या कामाचे पैसे घेत नाहीत.

पहिला पत्रा त्यांनी ईशान्येच्या टोकाला टाकायला लावला. पावसाचा वारा नैर्ऋत्येकडून येतो, त्याच्याकडे जोडाचं तोंड नको. भोक पन्हळीच्या माथ्यावर पाडायचं, खोलगटात पाणी वाहतं. बोल्टाखाली डांबरी वायसर हवाच. आणि शेजारच्या पत्र्यावर दीड पन्हळ चढलीच पाहिजे.

तिसऱ्या पत्र्याला एका पोरानं एकच पन्हळ चढवली, कारण पत्रा कमी पडत होता. मामांनी आवळलेले बोल्ट खोलायला लावले. "पत्रा वाचेल रे, पण ऑगस्टात आजी रात्रभर बादली धरून बसतील. दीड पन्हळ!" पोरानं मुकाट्यानं पाना उचलला. कमी पडलेला पत्रा मंडळाच्या वर्गणीतून दुपारी आणला.

आजी म्हणाल्या, "२६ जुलैला पाणी खालून आलं होतं. एरवी दर पावसाळ्यात वरून येतं." २००५च्या त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. तसा पाऊस कुठलाच पत्रा अडवणार नाही. नेहमीचा पाऊस मात्र अडायलाच हवा, आणि तो अडतो तो मामांच्या हट्टामुळे. छत गळलं तर आजी त्यांचंच दार ठोठावणार आहेत. पाहुणे स्वयंसेवक तोवर कधीच घरी गेलेले असतात.

तुमच्या मंडळाच्या वर्गणीतून यंदा चार पत्रे बाजूला काढा. आणि पत्रे घेण्याआधी, ते बसवण्याची जाण असलेला माणूस तुमच्याच गल्लीत शोधा.