हाडाशी एकजीव होणारा धातू

दुधाचा दात पडला की त्या जागी नवा दात येतो. पण हा कायमचा दात गेला, तर तिसरा येत नाही. मग काय करायचे? कवळी हिरडीवर नुसती टेकलेली असते. खाताना ती हलू शकते. 'ब्रिज' बसवायचा तर बहुधा शेजारचे चांगले दात घासून लहान करावे लागतात. शिवाय दोन्ही उपायांत एक उणीव राहतेच. चावताना दाताच्या मुळावाटे हाडावर पडणारा ताण त्या जागी नाहीसा होतो आणि तेथील हाड हळूहळू झिजत जाते.

यावरचा उपाय एका वेगळ्याच प्रयोगातून सापडला. १९५२ च्या सुमारास स्वीडनमधील पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे शास्त्रज्ञ सशाच्या पायाच्या हाडात टिटॅनियमचे उपकरण बसवून रक्तप्रवाह पाहत होते. प्रयोग संपल्यावर ते उपकरण काढू गेले, तर निघेना! हाड त्याच्याशी एकजीव झाले होते. १९६५ मध्ये त्यांनी एका माणसाच्या जबड्यात टिटॅनियमचे स्क्रू बसवले. पुढे चाळीस वर्षांहून अधिक काळ ते कामी आले.

टिटॅनियमच का? लोखंड गंजते आणि गंजाचे पापुद्रे सुटत जातात. टिटॅनियमवरही ऑक्साइडचा थर चढतो. पण तो अवघा काही नॅनोमीटर जाडीचा आणि घट्ट चिकटलेला असतो. ओरखडा पडला तरी तो लगेच पुन्हा तयार होतो. त्यामुळे धातू शरीरातील क्षारयुक्त द्रवात विरघळत नाही आणि हाडाच्या पेशी त्याला लागून वाढतात. टिटॅनियमची ताठरता पोलादाच्या जवळजवळ निम्मी असते. हाडाहून ती जास्तच. तरी पोलादाच्या मानाने हाडाच्या जवळची. म्हणून चावण्याचा ताण हाडापर्यंत अधिक चांगला पोहोचतो आणि हाड टिकायला मदत होते.

स्क्रू हाडात रुजायला साधारण तीन ते सहा महिने लागतात. त्यानंतर त्यावर कृत्रिम दात बसवतात. असा दात किडत नाही. पण स्वच्छता राखली नाही, तर भोवतालची हिरडी आणि हाड मात्र खराब होते.

आता तुमच्या कामाची गोष्ट. तुमच्या वयात दंतरोपण सहसा करत नाहीत. तुमचा जबडा अजून वाढतो आहे. वाढीबरोबर खरे दात सरकतात. हाडाशी जखडलेला स्क्रू जागचा हलत नाही. मग तो दात शेजारच्या दातांच्या मानाने आखूड दिसू लागतो. जो गुण मोठ्यांच्या फायद्याचा, तोच तुम्हांला अडचणीचा!

तेव्हा खेळताना कायमचा दात मुळासकट निखळला, तर तो फेकू नका. मुळाला हात न लावता वरच्या भागाला धरून उचला, थंड दुधात ठेवा आणि ताबडतोब दंतवैद्याकडे जा. अर्ध्या तासाच्या आत पोहोचलात, तर तोच दात पुन्हा रुजण्याची चांगली आशा असते. टिटॅनियम कितीही गुणी असले, तरी स्वतःच्या दाताची सर त्याला नाही.