ध्यानाची झूल आणि नृत्याची अप्रतिष्ठा

१८९३ साली शिकागो येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने अमेरिकेला पूर्वेकडील दोन गोष्टींचा एकाच वर्षी परिचय झाला. ११ सप्टेंबरला सर्वधर्म परिषदेत स्वामी विवेकानंद बोलले आणि वेदांताकडे, पुढे राजयोगाकडे, तेथील सुशिक्षितांचे लक्ष वेधले गेले. त्याच प्रदर्शनाच्या करमणूक विभागात कैरोतील एका रस्त्याचा देखावा उभारला होता आणि तेथे कंबर व पोट लयीत हलवून केले जाणारे नृत्य पाहण्यासाठी लोकांची झुंबड उडत होती. ते बंद पाडावे म्हणून अँथनी कॉम्स्टॉक हे नीतिरक्षक धावून आले होते. योगाच्या वाट्याला व्यासपीठ आले. नृत्याच्या वाट्याला जत्रा आली.

आज याच दोन गोष्टी अमेरिकेत आणि युरोपात एकाच वर्गात शिकविल्या जातात. आरंभी आसने आणि प्राणायाम, मग 'बेली डान्स', शेवटी शवासन व ध्यान, असा त्यांचा साधारण क्रम असतो. या संयोगाकडे केवळ धंदेवाईक भेसळ म्हणून पाहणे सोपे आहे. परंतु ते न्याय्य होणार नाही.

कारण या नृत्याच्या तंत्रातच एकाग्रतेची बीजे आहेत. गुडघे किंचित वाकवून उभे राहावयाचे आणि छाती स्थिर ठेवून केवळ कंबर हलवावयाची, किंवा कंबर स्थिर ठेवून केवळ बरगड्यांचा भाग फिरवावयाचा, हे श्वास रोखून आणि मन भरकटू देऊन साधत नाही. अरबी संगीतातील 'तकसीम' हा प्रकार तर ठेक्याच्या बंधनातून बव्हंशी मुक्त असतो. ऊद, कानून किंवा बासरीसारखे नाय हे वाद्य एकटेच सुरांचा विस्तार करते आणि नर्तिकेला पुढच्या सुराची वाट पाहत, ऐकत, सावकाश हलावे लागते. अभियंता आणि ज्युदोपटू असलेल्या मोशे फेल्डेनक्राइस यांनी विसाव्या शतकात संथ, लहान हालचालींकडे लक्ष पुरवून शरीराला नव्याने शिकविण्याची पद्धत बसविली. तिचे आणि या नृत्याचे जमावे यात नवल नाही.

ऑस्ट्रेलियात २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हे नृत्य करणाऱ्या स्त्रिया इतर तरुणींच्या तुलनेत स्वतःच्या शरीराविषयी अधिक समाधानी आढळल्या. अर्थात नृत्यामुळे समाधान आले की समाधानी स्त्रियाच नृत्याकडे वळल्या, हे अशा तुलनेतून सिद्ध होत नाही. तरीही आरशाशी वैर धरलेल्या एखाद्या मध्यमवयीन स्त्रीला आपल्याच देहात पुन्हा सुखाने वावरता येत असेल, तर त्या लाभाला हसण्याचे कारण नाही.

खरा आक्षेप वेगळा आहे. अनेकदा या वर्गांतून सांगितले जाते, की हे नृत्य प्राचीन मातृदेवतेच्या उपासनेतून आले. या कथेला ठोस ऐतिहासिक आधार नाही. जो इतिहास ज्ञात आहे, तो अधिक मानवी आणि अधिक दुःखद आहे. इजिप्तमध्ये घरच्या लग्नात बायका आपसांत जे नाचतात, ते 'रक्स बलदी'. रंगमंचावर आले ते 'रक्स शर्की', म्हणजे पूर्वेचे नृत्य. १८३४ मध्ये महंमद अली याने व्यावसायिक नर्तिकांना कैरोतून हाकलून दक्षिणेकडे धाडले. १९२६ मध्ये बदिया मसाबनी या कर्तबगार स्त्रीने कैरोत आपली रंगशाळा उघडली आणि तेथूनच तहिया कारिओका, सामिया गमाल यांच्यासारख्या नर्तिका चित्रपटांत पोहोचल्या. यांपैकी कोणी देवतेची पुजारीण नव्हती. त्या पोटासाठी कष्ट करणाऱ्या कलावंत होत्या.

इजिप्त व सुदानमधील 'झार' विधीचेही असेच होते. अंगात आलेल्या आत्म्यांना शांत करण्यासाठी बायका ढोलांच्या ठेक्यावर घुमतात, तो हा विधी. त्यातील मान हलविण्याची क्रिया उचलून तिला 'ध्याननृत्य' म्हणणे म्हणजे ज्यांची श्रद्धा आहे त्यांनाच पुसून टाकणे होय.

योगाच्या बाबतीत असे घडले नाही. योगेंद्रांनी १९१८ मध्ये मुंबईत आणि कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास संस्था काढल्या. पुण्याच्या अय्यंगारांचा ग्रंथ १९६६ पासून जगभर वाचला जातो. पाश्चात्य शिष्य या गुरूंची नावे आदराने घेतो. मग त्याच वर्गात ज्यांची कला शिकविली जाते, त्या कैरोच्या नर्तिकांची नावे का घेतली जात नाहीत? ध्यानाची झूल चढविल्याविना त्यांचे नृत्य सभ्य ठरत नाही, असेच यातून सुचविले जात नाही काय?

हा प्रश्न केवळ श्रेयाचा नाही. २०२० मध्ये कैरोतील न्यायालयाने एका नर्तिकेला समाजमाध्यमांवरील चित्रफितींबद्दल, अनीतीस चिथावणी दिल्याचे कारण देऊन, तीन वर्षांची कैद सुनावली. ज्या अंगविक्षेपांना एका देशात आत्मशोध म्हणून शुल्क आकारले जाते, त्यांच्यासाठी दुसऱ्या देशात तुरुंगवास भोगावा लागतो.

नृत्य आणि ध्यान यांनी एकत्र येण्यास कोणाची हरकत असू नये. मात्र शिक्षकाने विद्यार्थिनींना प्राणायामाबरोबर मकसूमचा ठेकाही नावानिशी ओळखायला शिकवावे, बदियाच्या रंगशाळेची हकीकत सांगावी आणि कैरोत आज हे नृत्य करणारीची अवस्थाही लपवू नये. शिकागोत व्यासपीठ आणि जत्रा यांच्यात जी भिंत उभी राहिली, ती नृत्याला योगाची वस्त्रे नेसवून पडणार नाही. नाचणाऱ्या स्त्रीला तिच्या स्वतःच्या वेषात आणि तिच्या स्वतःच्या नावाने मान मिळेल, तेव्हाच ती पडेल.